भामरागडकडच्या साइटवर रुजू होण्याआधी

गडचिरोलीतल्या एटापल्ली, भामरागड, धानोऱ्याकडच्या रस्त्यावर किंवा पुलावर नोकरी लागली की नागपूरची पोरं मला गाठतात. पहिला प्रश्न नक्षलवाद्यांचा, दुसरा पगाराचा. कामाचा कार्यक्रम कसा बसवायचा, हे कुणी विचारत नाही. आणि तिकडे साइट इंजिनिअरचा जीव बऱ्याच अंशी त्या बार चार्टवरच, म्हणजे कामाच्या वेळापत्रकावरच, टांगलेला असतो.

आता हवा पुष्कळ निवळली आहे हे खरं. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, तेव्हापासून पेटी (हाताखालचे छोटे) कंत्राटदारही ‘आता काय राहिलं बाप्पा’ म्हणू लागलेत. म्हणू द्या. पूर्वी जमिनीत पुरून ठेवलेले सुरुंग कुणी शरण येताना सोबत आणत नाही.

नियुक्तीपत्र घेताना विम्याचं विचारा. ठेकेदाराची सीएआर पॉलिसी (बांधकामावरच्या जोखमींचा विमा) आहे, एवढ्यावर थांबू नका. दहशतवादी कृत्याचं कव्हर तिच्यात वेगळं घ्यावं लागतं, ते घेतलंय का ते बघा. पोकलेन जळालं आणि कव्हर नसलं तर आधी ठेकेदाराचा पैसा अडकतो, मागोमाग तुमचा पगार. स्वतःच्या अपघात विम्यातल्या अटीही वाचा. सरकारी अभियंत्याला तिकडे एकस्तर (एक पायरी वरची) वेतनश्रेणी मिळते, तुम्हाला मिळणार नाही. भत्ता आधीच ठरवून घ्या.

आता कार्यक्रम. जून ते ऑक्टोबर विसरा. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा भामरागडलाच एकत्र येतात. पर्लकोटा चढली की आलापल्लीकडचा रस्ता बंद. नोव्हेंबरात धान कापणीला येतं, मजूर अर्धेच मिळतात. २ ते ८ डिसेंबर पीएलजीए (माओवाद्यांचं सशस्त्र दल) सप्ताह, त्याची पत्रकं आठवडाभर आधी झाडांना लागत. तो आठवडा कार्यक्रमात कोरा सोडायची सवय अजून मोडू नका. त्यांचाच शहीद सप्ताह २८ जुलै ते ३ ऑगस्ट, तो पावसातच जातो. मार्चपासून बायामाणसं पहाटे मोहाखाली फुलं वेचायला. एप्रिल संपता संपता तेंदूपत्ता सुरू झाला की फावडं धरायला कुणी येत नाही, आणि का यावं? पुडक्यांचे त्या काही दिवसांत हातात येणारे पैसे म्हणजे घराची वर्षाची मोठी कमाई. मजूर आळशी आहेत म्हणून हेड ऑफिसला ईमेल पाठवणारे इंजिनिअर मी पाहिलेत. त्यांनी गावचं वर्ष कधी मांडूनच पाहिलेलं नसतं. हे सगळं वजा करा, मग उरलेल्या दिवसांवर कामाची परिमाणं वाटा.

दिवसाचंही तसंच. मशीन अंधाराआधी तालुक्याच्या ठिकाणी परत गेलं पाहिजे. जाणं-येणं, डिझेल, जेवण धरून आठ तासांतले पाच-साडेपाच हाती लागतात. दर काढणाऱ्याने आठ धरलेले असतात, हे त्याला पहिल्याच बैठकीत सांगा. दुपारी तीनच्या पुढे जाईल असं कास्टिंग (काँक्रीट ओतणं) सकाळी सुरूच करायचं नाही. स्लॅब मोठा असेल तर कन्स्ट्रक्शन जॉइंट (आजचं काँक्रीट थांबवून पुढचं जोडायची जागा) कुठे घ्यायचा ते डिझायनरकडून आधी ड्रॉइंगवर मागून घ्या. ऐन वेळी ‘गाड्या काढा’ असा निरोप आला की जॉइंट कुठेही पडतो आणि मग तो पूल जन्मभर तिथूनच गळतो.

डांबराला तर घड्याळ फारच आवळून बसतं. व्हीजी-३० (डांबराची एक प्रत) चा माल प्लँटमधून १५० ते १६५ अंशांवर निघतो, पसरताना निदान १४० हवा आणि रोलिंग ९० च्या खाली जायच्या आत संपलं पाहिजे. प्लँट लांब आणि वाटेत नाका, तपासणी, पंक्चर. ताडपत्री झाकूनही माल थंडावतो, आणि थंड माल दाबला की पहिल्या पावसात गिट्टी उखडते. म्हणून आतल्या भागात काँक्रीटचा रस्ता मला बरा वाटतो. तो मिक्सरवर जागच्या जागी होतो, आणि त्याच्याखाली काही पुरायचं तर फोडावा लागतो, जे लपत नाही.

काँक्रीटला क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, लागतं, आणि बंद पुकारला गेला तरी सिमेंट थांबत नाही. पीपीसी (पोझोलाना सिमेंट) वापरत असाल तर किमान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा. तुमची माणसं कॅम्पमध्ये अडकली तरी पाणी पडायलाच हवं. त्यासाठी गावातल्या दोन-तीन घरांशी आधीच बोली करा: बारदाना अंथरलेला, ड्रम भरलेले, सकाळ-संध्याकाळ शिंपायचं, पैसे बाजाराच्या दिवशी रोख. बारदाना नागपूरहून, इतवारीतूनच न्या, तिकडे वेळेवर मिळत नाही. या बोलीचा दुसरा फायदा असा, की गावातलं कुणीतरी रोज तुमच्या कामावर जातं आणि काही वेगळं दिसलं तर तुमच्या आधी त्याला दिसतं.

गावाशी ओळख मात्र सर्व्हेच्या आधी हवी. टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) खांद्यावर घेऊन कुणी शिवारात शिरलं की लोकांना सुरजागडची लोहखनिजाची खाण आठवते. रस्ता मोजताय असं तुम्ही म्हणाल, त्यांना डोंगर मोजताय असं वाटेल. आधी भूमिया (गावप्रमुख) आणि पोलीस पाटील यांना भेटा, गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, बसा, रस्त्याची आखणी कागदावर दाखवा. माडिया येणारा माणूस सोबत घ्या, मराठीला सगळे मान हलवतात ती अदब म्हणून. पोरांना यंत्रातून बघू द्या. कायद्यानेही हे सोयीचं आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली रस्त्यासारख्या कामाला एक हेक्टरहून कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडत नसतील तर. जिल्ह्याचा जवळपास ७० टक्के भाग जंगल असल्यामुळे ही शिफारस तुम्हाला लागणारच. ती बिलाच्या घाईत, सह्यांपुरती मागायला गेलात तर मिळत नाही. लेखा-मेंढा याच जिल्ह्यात आहे, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं.

मजुरी मात्र एक आठवडाही मागे ठेवू नका. अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

फिरताना खाकी, हिरवट कपडे नकोत. पोलिसांच्या गाडीत बसायचं नाही, त्यांच्या गाडीच्या मागे-पुढेही चालायचं नाही, आणि बंदूकवाल्या कुणालाही तुमच्या गाडीत जागा नाही. हे दोन्हीकडच्यांना लागू. ठाणेदाराला ते पहिल्या भेटीत समजावून सांगा, समजतं त्यांना. पाइप मोरीच्या तोंडाशी ताजी माती, वायर, डबा, एकटाच पडलेला बॅनर दिसला तर हात न लावता मागे फिरा आणि कळवा. मशीन जाळलं असं कळलं तर सकाळी पाहायला धावू नका. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ हेच झालं. दादापूरला रस्त्याच्या कामाची वाहनं जाळली, तिकडे निघालेल्या पोलिसांची गाडी जांभुळखेड्याला सुरुंगाने उडवली, १५ जवान आणि चालक गेले. रस्ता तपासला गेल्याचा निरोप येईपर्यंत तुमचं काम म्हणजे हजेरी घेऊन माणसं मोजणं. संध्याकाळी ठरल्या वेळी ऑफिसला फोन, आणि फोन आला नाही तरी रात्री कुणी शोधायला निघायचं नाही, हेही घरी आधी सांगून ठेवा.

पैशांची, धान्याची, औषधांची मागणी आली तर तुमच्यापाशी कसलाच अधिकार नाही, एवढंच उत्तर. २००९ पासून माओवादी संघटनेवर यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आहे. पैसे पुरवल्याची शिक्षा पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे, आणि ‘ठेकेदाराने सांगितलं’ म्हणून ती टळत नाही. निरोप वरच्या साहेबांना आणि ठाण्यात लेखी कळवा, प्रत स्वतःजवळ ठेवा. त्याचे फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका.

शेवटचं, मलेरियाचं. तिकडे असताना ताप आला तर आशाताईकडे किट असतं, बोटाच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत कळतं, आणि हेमलकशाचा दवाखाना भामरागडला लागूनच आहे. भानगड नागपूरला होते. सुट्टीवर आल्यावर आठ-पंधरा दिवसांनीही ताप चढू शकतो, आणि इथले डॉक्टर तो व्हायरल समजतात. ‘मी भामरागडला असतो, मलेरिया तपासा’ हे दवाखान्यात शिरतानाच तुम्ही सांगायचं. फाल्सिपेरम (मलेरियाचा घातक प्रकार) अंगावर काढला तर मेंदूपर्यंत जातो.