गच्चीवर जॅझ ऐकायला बसताना

मे महिन्यात भुसावळची गच्ची रात्री दहाशिवाय निवत नाही. आम्ही तिघे-चौघे तेव्हाच बसतो. एका रात्री एकाने एकच अल्बम आणायचा. तुकडे नकोत, पूर्ण ऐकायचा, आणि गाणं चालू असताना बोलायचं नाही.

स्पीकर कठड्याच्या कोपऱ्यात ठेवा, बास म्हणजे खर्जाचा नाद भरून येतो. मोबाईलवर तो हरवतो, आणि जॅझचा अर्धा जीव तिथेच असतो.

सुरुवातीला अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 1959 चा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. पहिल्याच ‘सो व्हॉट’मध्ये पॉल चेंबर्सचा डबल बास (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) धून सांगतो आणि बाकीचे वादक दोन सुरांत उत्तर देतात. भजनात बुवांची ओळ टाळकरी झेलतात, अगदी तसं! दुसऱ्यांदा ऐकताना फक्त ड्रमर जिमी कॉबच्या झांजेवर कान ठेवा.

मग चर्चा. “आवडलं का?” विचारू नका, “तू कोणाच्या मागे गेलास?” विचारा, म्हणजे कान कोणत्या वादकावर राहिला. याच अल्बममधल्या ‘फ्रेडी फ्रीलोडर’वर पियानो विंटन केलीचा आहे, बाकी सगळीकडे बिल इव्हान्स. हा फरक आमच्यात ज्याने आधी ओळखला, त्याला वादकांची नावं ठाऊक नव्हती. कोणी काय ऐकलं ते वहीत तारखेसह लिहा. पुढचा अल्बम त्यातूनच सुचतो: आम्ही केलीच्या मागे गेलो.