इतिहास शिकवताय? या चुका टाळा

नववी-दहावीला इतिहास मिळालेल्या नव्या शिक्षकाची पहिली तक्रार ठरलेली असते: मुलं ऐकत नाहीत. त्यातून तास मधल्या सुट्टीनंतरचा असला तर विचारूच नका. पहिली दोन वर्षं मीही हेच रडगाणं गात होते. पण मी सांगत होते ते सगळं त्यांच्या हातातल्या पुस्तकात छापलेलंच होतं, मग त्यांनी ऐकायचं कशाला? धडा वाचून दाखवणं ही पहिली चूक. रोजच्या पाठाची नोंद ठेवायची टाचण वही तेवढी भरते, एवढाच त्याचा उपयोग.

त्याहून महागात पडते ती दुसरी चूक. शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा, असं विचारलं की अख्खा वर्ग ओरडतो, १९ फेब्रुवारी १६३०. एकदा एक मुलगी उठली, "बाई, आजोबांच्या जुन्या पुस्तकात १६२७ आहे." मी म्हटलं, "आपल्या पुस्तकात आहे ते लिही." ती बसली, ती वर्षभर पुन्हा काही विचारायला उठली नाही.

खरं तर तिने तासाला आयता विषय दिला होता. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही जुनी तिथी नंतरच्या बखरींमधून आलेली. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शकवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ मिळाली. दोन कागद, दोन तारखा. कोणता मानायचा आणि का? या एका प्रश्नावर तास संपतो, मुलांना मधली सुट्टी आठवत नाही.

फक्त फळ्यावर गणित मांडताना सावध राहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे आपल्याला पाठ असतं. राज्याभिषेकाला ते जुळतं: ज्येष्ठ, शके १५९६, म्हणजे १६७४. मी त्याच झोकात १५५१ मध्येही ७८ मिळवले आणि उत्तर आलं १६२९! वर्ग हसला. शक बदलतो चैत्रात, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे.

दहावीचे पहिले धडे इतिहासलेखनाचे आहेत. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको ही नावं बघूनच शिक्षक "पाठ करा, जोड्यांत येतात" म्हणून पुढे सरकतात. चुकीची जोडी ओळखता येते, पण रांके हा जर्मन इतिहासकार मूळ कागदपत्रांसाठी एवढा का अडून बसला ते कळत नाही. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, वर्गात आणते, नावाचे आणि जातीचे रकाने कागदाने झाकून. फक्त जन्मतारखा वाचायला लावते. ओळीने १ जून, १ जून, १ जून. मुलं आधी चक्रावतात, मग एखादा म्हणतो, "माझ्या आजीचीपण हीच आहे!" तारीख ठाऊक नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. कागद अस्सल, शिक्का अस्सल आणि तारीख मात्र गुरुजींच्या सोयीची. हे एकदा पाहिलेल्या मुलाला मोबाईलवर आलेला 'दडवलेला इतिहास' दाखवला, तर तोच विचारतो, कशावरून?

परीक्षेचं म्हणाल तर पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. 'सकारण स्पष्ट करा' या प्रश्नात मुलं सगळी गोष्ट लिहून येतात आणि कारण राहून जातं. दोष आपलाच, वर्षभर गोष्टच सांगितलेली असते. उत्तर तपासताना मी 'कारण', 'त्यामुळे', 'म्हणून' या शब्दांखाली रेघ मारते. अख्ख्या उत्तरात एकही रेघ पडली नाही, तर वही परत.