पॅथॉलॉजीत येणाऱ्यांसाठी, धुळ्याहून

एमडी पॅथॉलॉजीला नंबर लागल्याचं सांगितलं, तेव्हा शिरपूरच्या मावशीने विचारलं, “मंग तू पेशंटले सुई देस नही का?” तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सांगते, देत नाही, काढून घेते. एफएनएसी म्हणजे बारीक सुईची तपासणी; ती करताना गाठीत सुई घालून पेशी ओढायच्या आणि स्लाइडवर पसरायच्या, हे रोजचंच काम आहे.

एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन. मार्क कमी पडले म्हणून ही ब्रँच घेणारे बरेच असतात, मीही त्यातलीच. पहिले काही महिने ग्रॉसिंगच्या, म्हणजे ऑपरेशनमधून आलेले अवयव बघून कापण्याच्या टेबलावर फॉर्मालिनने डोळ्यांतून पाणी काढण्यात गेले. खरं शिकवलं ते आमच्या टेक्निशियन भाऊंनी. ऊतीचा तुकडा पॅराफिन मेणात बसवून ब्लॉक करतात. हे मेण साठेक अंशाला वितळतं, पण खान्देशातल्या मे महिन्यात ब्लॉक त्याच्या आधीच मऊ पडतो आणि कापांची रिबन चुरगळते. भाऊ ब्लॉक बर्फाच्या लादीवर पालथे ठेवायचे, गारठले की मायक्रोटोमला, म्हणजे काप काढायच्या यंत्राला लावून चार मायक्रॉनचा काप सरळ काढायचे. स्लाइडवर नंबर पेन्सिलनेच टाका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मी पेन वापरला. अल्कोहोलमध्ये शाई गेली आणि सहा स्लाइड अनाथ झाल्या.

थीसिसचा विषय मात्र नीट निवडा. पुण्या-मुंबईच्या थीसिसची नक्कल करू नका. आपल्याकडे सातपुडा आहे. नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्त द्रावणात मिसळल्यावर नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी लागते. अख्ख्या वस्तीला ‘पॉझिटिव्ह’चे कागद वाटून निघून येणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात, मी शिरले ती पाणथरीमुळे, म्हणजे प्लीहेमुळे. पुस्तकात वाचलं होतं की सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच आकसून निकामी होते आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंना रान मोकळं मिळतं. आमच्या ओपीडीत मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची पाणथरी चांगली चार बोटं हाताला लागायची. आपल्याकडच्या अरब-इंडियन प्रकारात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे आजार बऱ्याचदा सौम्य असतो आणि प्लीहाही जास्त काळ राहते. पण हाताला लागते म्हणजे ती काम करतेच, असं नाही. हे बघायला सुरुवातीला मशीन लागत नाही. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, हॉवेल-जॉली बॉडी शोधायच्या. तांबड्या पेशीत राहिलेला हा केंद्रकाचा ठिपका चांगली प्लीहा काढून टाकते. ठिपके दिसत राहिले तर पाणथरी नुसतीच बसून आहे. शंभर शंभर स्मिअर अशा बघत बसले, मान आखडली, पण प्रश्न माझा स्वतःचा होता.

पुढे फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे यंत्रावर एकेक पेशी तपासण्यासाठी, रक्त मुंबईला पाठवायचं ठरलं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने डबा जाणार, उन्हाळा होता म्हणून मी शहाणपणा करून ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळ्या गोठलेल्या जेलपॅकला चिकटवून ठेवल्या. सकाळी फोन आला, “मॅडम, सगळं हिमोलाइझ झालंय.” म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या होत्या. पेशी जिवंत हव्या असतील तर रक्त बर्फाला टेकवायचं नसतं. अकरा जणांकडे पुन्हा रक्त मागायला गेले. दोघांच्या आयांनी नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

पुढचा रस्ता आधीच माहीत असू द्या. क्लिनिकल इम्युनॉलॉजी आणि ऱ्हुमॅटॉलॉजीचं (सांध्यांच्या आजारांचं) डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, मेडिसिन किंवा पेडियाट्रिक्सवाल्यांसाठी आहे; पॅथॉलॉजीच्या भरवशावर त्याची स्वप्नं बघू नका. आपल्याला हिमॅटोपॅथॉलॉजीचं, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या निदानाचं, डीएम किंवा पीएचडी. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, १९५७ पासूनची. तिथलं काम एकदा बघून या. एमबीबीएसलाच असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची विद्यार्थी शिष्यवृत्ती बघा, अर्ज कसा लिहायचा ते तरी कळतं.

पैशांचं विचाराल तर माझ्या बॅचमेटची जळगावात लॅब आहे आणि तो माझ्या दुप्पट कमावतो. मी सकाळी रिपोर्टिंग, दुपारी लेक्चर, आणि उरलेल्या वेळात फ्रीझर बघते. उन्हाळ्यात लाइट गेली की आधी घरी नाही, लॅबला फोन करते.