टेराफॉर्ममध्ये रिसोर्सचं नाव बदलण्याआधी

पणजीच्या आमच्या टीममध्ये नवीन कोणी आलं की पहिल्याच आठवड्यात मी त्याला शेजारी बसवून हे दाखवते. टेराफॉर्म म्हणजे क्लाउडवरचे सर्व्हर, डेटाबेस वगैरे कोड लिहून उभारायचं साधन; अशी प्रत्येक वस्तू म्हणजे एक रिसोर्स. कांदोळीच्या एका हॉटेलाचा टेस्ट डेटाबेस माझ्या हातून उडाला होता. मी कोडमधलं 'डीबी१' हे नाव बदलून 'बुकिंग' केलं, एवढंच. आठ दिवसांचं टेस्टिंग पुन्हा करावं लागलं.

टेराफॉर्म प्रत्येक रिसोर्स स्टेट फाइलमध्ये, म्हणजे काय काय उभारलंय त्याच्या नोंदवहीत, पत्त्यावरून (प्रकार आणि नाव) ओळखतं. कोडमधलं नाव बदललं की पत्ता बदलतो आणि त्याच्या लेखी जुना रिसोर्स गेला, नवा आला. मग ते जुना पाडतं आणि नवा उभारतं. आपल्याकडे गोव्यात एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव बदलायचं तर म्युटेशन (फेरफार) करतात, जमीन जागच्या जागी राहते. टेराफॉर्मलाही तसं म्युटेशन लिहून द्यायचं. १.१ आवृत्तीपासून त्यासाठी कोडमध्ये लिहायचा 'मूव्ह्ड' ब्लॉक आहे: 'फ्रॉम'पुढे जुना पत्ता, 'टू'पुढे नवा.

नाव बदलण्याचा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) वेगळा ठेवा, त्यात दुसरं काहीच नको. म्हणजे प्लॅनमध्ये, टेराफॉर्म काय बदलणार ते आधी दाखवतं त्या यादीत, 'हॅज मूव्ह्ड टू' दिसायला हवं आणि अ‍ॅड, चेंज, डिस्ट्रॉय तिन्हींपुढे शून्य. एकही आकडा वेगळा दिसला तर तिथेच थांबा. प्लॅन 'आउट' हा पर्याय देऊन फाइलमध्ये ठेवा आणि तीच फाइल अप्लाय करा, म्हणजे प्रत्यक्षात आणा.

मी फसले ते 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' या, रिसोर्स पाडू न देणाऱ्या सेटिंगच्या भरवशावर. ते लावलंय म्हणून प्लॅन नीट वाचलाच नाही. पण ते त्या रिसोर्सच्या ब्लॉकमध्येच असतं. जुन्या नावाचा ब्लॉक कोडमधून गेला की त्याच्याबरोबर संरक्षणही जातं. म्हणून डेटाबेसवर क्लाउडच्या बाजूचं डिलीशन प्रोटेक्शनही चालू ठेवा, टेस्टचा असला तरी.

एस-थ्री बकेटचं (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर फाइली ठेवायची जागा) कोडमधलं नव्हे, तर क्लाउडवरचं खरं नाव बदलायचं असेल तर 'मूव्ह्ड'चा उपयोग नाही. तिथे प्लॅनमध्ये 'फोर्सेस रिप्लेसमेंट', म्हणजे जुनं पाडून नवं उभारणं, येणारच, डेटा आधी हलवावा लागतो.

'स्टेट एमव्ही' ही स्टेट फाइलमधला पत्ता थेट बदलणारी कमांड मी टाळते. ते स्टेट लगेच बदलतं, रिव्ह्यूत कोणाला दिसत नाही, आणि जुन्या ब्रांचवरून (जुनं नाव असलेल्या कोडच्या प्रतीवरून) दुसऱ्या कोणी अप्लाय केलं की नव्या पत्त्यावरचा डेटाबेस पाडायला निघतं. 'मूव्ह्ड' ब्लॉक मात्र टेस्ट, स्टेजिंग, प्रॉडक्शन तिन्हीकडे अप्लाय झाल्याशिवाय काढू नका.