ब्लॉगसाठी प्लॅटफॉर्म निवडताय? आधी बाहेर पडायचं दार बघा आणि या चुका टाळा

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका सरांचा फोन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, दहा-बारा वर्षांपासून मुलांसाठी ब्लॉग चालवतात, स्वाध्याय, कविता, सगळं टाकतात. म्हणाले, "ताई, शाळेच्या स्मरणिकेत ब्लॉगचा पत्ता छापलाय, पण तो आता उघडतच नाही, माझा ब्लॉग गेला का?" मी म्हटलं, सर, पत्ता वाचून दाखवा. त्यांनी वाचला आणि शेवटी होतं 'ब्लॉगस्पॉट डॉट इन'.

ब्लॉग कुठेही गेला नव्हता. ब्लॉगर म्हणजे गूगलची ब्लॉगची फुकट सेवा, तिथल्या पत्त्यात ब्लॉगस्पॉट असतं. आपल्याकडे ते उघडलं की काही वर्षं पत्त्याच्या शेवटी आपोआप डॉट इन यायचं आणि लोक तोच कॉपी करून सगळीकडे पाठवायचे, छापायचेसुद्धा. २०२० मध्ये ते डॉट इनवालं नाव गूगलच्या हातातून गेलं आणि भारतातल्या कितीतरी ब्लॉगच्या लिंका एकदम मेल्या. तुमच्याकडे अशी जुनी लिंक असेल तर डॉट इन खोडून डॉट कॉम करा, ब्लॉग चालू असेल तर उघडेल. सरांचा उघडला. पण स्मरणिका छापून झाली होती, त्याचं काय करणार.

हे एवढ्यासाठी सांगतेय की "ब्लॉगर चांगलं की वर्डप्रेस" असं विचारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं लक्ष थीम, फुकट आहे का, दिसतं कसं याच्याकडे असतं, आणि मी गेली काही वर्षं नाशिकमध्ये ओळखीपाळखीच्या लोकांचे ब्लॉग लावून देते, बिघडलेले दुरुस्त करते, त्यावरून सांगते की मोठा त्रास थीममुळे होत नाही, तो होतो पत्ता आपला नसल्यामुळे आणि उद्या सामान उचलून दुसरीकडे जायचं म्हटलं तर जाता येत नाही त्यामुळे. तुलना करायची असेल तर इथून सुरू करा.

चूक पहिली आणि सगळ्यात महाग: स्वतःचं डोमेन न घेणं

डोमेन म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता. लोकांना वाटतं डोमेन घ्यायचं म्हणजे वर्डप्रेस, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), मोठा खर्च. तसं नाहीये. ब्लॉगर स्वतःचं डोमेन जोडायचे पैसे घेत नाही, होस्टिंग फुकटच राहतं, कुलूपवालं एचटीटीपीएस पण मिळतं, खर्च फक्त डोमेनच्या नावाचा. जुना ब्लॉग असेल तरी आज जोडा, जुन्या ब्लॉगस्पॉट डॉट कॉमच्या लिंका आपोआप नव्या पत्त्यावर जातात. मग पाच वर्षांनी वर्डप्रेसवर जावंसं वाटलं तरी वाचकासाठी पत्ता तोच. नुसत्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावरून गेलात तर वाचक आणि सर्च दोन्ही मागे राहतात.

जोडताना हमखास अडणारी गोष्ट म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं तर उघडतं आणि नुसतं नाव टाकलं तर उघडत नाही. डीएनएसमध्ये (हे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदींत) दोन सीनेम रेकॉर्ड टाकायचे असतात ते सगळे टाकतात, पण नुसत्या नावासाठी चार ए रेकॉर्ड लागतात (२१६.२३९.३२.२१, मग तिसरा आकडा ३४, ३६ आणि ३८) ते राहून जातात. ते टाका आणि ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये 'रिडायरेक्ट डोमेन' चालू करा. लगेच नाही उघडलं तर घाबरू नका, डीएनएस पसरायला काही तास जातात, त्या वेळात सारखं बदलत बसलं की गोंधळ वाढतो.

आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. माझ्या मावशीचा रेसिपीचा ब्लॉग आहे, कराडला असते ती. तिला वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतलं, तेव्हा ते सोपं वाटलं. तीन वर्षांनी तो नोकरीसाठी बाहेर गेला, नंबर बदलला, रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या आयडीवर जात राहिले आणि एक दिवस साइट बंद. मावशीने रिन्यूअलचे पैसे बाजूला काढून ठेवले होते हो, पण भरायचे कुठे हेच तिला माहीत नव्हतं. मुलगा वाईट नव्हता, त्याला शोधून काढला तेव्हा त्याने लगेच नाव ट्रान्सफर केलं, पण ऐन दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत, जेव्हा सगळ्यात जास्त लोक चकलीची भाजणी शोधत येतात, तेव्हा ती साइट बंद होती.

वर्डप्रेस म्हणजे एकच गोष्ट समजणं

हे अजून लोकांना स्पष्ट होत नाही. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, फुकट आहे, कुणीही आपल्या होस्टिंगवर टाकू शकतं. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी वेगळी सेवा, ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीची, २००५ पासूनची. व्हिडिओत सांगतात "हे प्लगिन टाका" (म्हणजे जादा सोय देणारं छोटं सॉफ्टवेअर), तुम्ही डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवर असता, तिथे प्लगिन टाकता येत नाही, जाहिराती त्यांच्या दिसतात, तुमचं अॅडसेन्स (गूगलच्या जाहिरातींतून पैसे देणारी सेवा) लावता येत नाही, आणि माणूस रात्रभर बटण शोधत बसतो. बटण तिथे नाहीच.

स्वतःच्या होस्टिंगवर टाकायचं असेल तर पहिल्या वर्षाचा भाव बघून ठरवू नका, रिन्यूअलचा भाव बघा. मी एका कंपनीकडे घेतलं होतं, पहिल्या वर्षी स्वस्त वाटलं म्हणून, दुसऱ्या वर्षी बिल जवळजवळ तिप्पट आलं. पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, पण ते कोण वाचतं? तुम्ही वाचा. आणि अपडेट, बॅकअप, स्पॅम हे सगळं तुमच्या गळ्यात येतं हे धरून चाला. वेळ नसेल तर घेऊ नका, यात कमीपणा काही नाही. फुकटात मिळते म्हणून पैशाची थीम कुठूनतरी डाउनलोड करून टाकायची नाही, अशा थीममध्ये बऱ्याचदा लपवलेला कोड असतो आणि साइट भलत्याच पानांवर जायला लागते.

एक दुरुस्ती इथेच सांगते. "वर्डप्रेसवर गेले आणि गूगलमध्ये दिसायची बंद झाले" अशी तक्रार आली की मी आधी सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडते. तिथे सर्च इंजिनांना दूर ठेवायची एक टिक असते, साइट बनवताना लावतात आणि काढायला विसरतात. हे अनेकदा निघतं.

मराठीत लिहिणार आहात, पण तुलना इंग्रजीवाल्यांची वाचताय

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण तुलनेच्या लेखांत आणि व्हिडिओंत आपल्या लिपीचा विचारच नसतो.

लिंकचंच बघा. ब्लॉगरवर मराठी शीर्षक दिलं की त्याला ते पत्त्यात घेता येत नाही आणि लिंक होते 'ब्लॉग-पोस्ट', पुढची 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा. शंभर पोस्ट झाल्या की शंभर सारख्याच लिंका, बघून काही कळत नाही कुठली कशाची. वर्डप्रेसवर उलट होतं, मराठी शीर्षक पत्त्यात जातं, पण आतमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, हलन्त वेगळा, असं प्रत्येकी ९ खुणांचं होतं आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० खुणांची. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. मी "पावसाळ्यात किल्ल्यावर जाताना ही काळजी घ्या" अशी पोस्ट टाकली होती, लिंक तयार झाली 'पावसाळ्यात-किल्ल्यावर-जा'. बरोबर तिथेच तुटली. अर्थच उलटा. आणि हीच लिंक व्हॉट्सअॅपवर टाकली की टक्क्यांची चिन्हं आणि आकड्यांची लांबच लांब माळ दिसते, आमच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलं की हा व्हायरस आहे का.

उपाय सोपा आहे, दोन्हीकडे पब्लिश करायच्या आधी पर्मालिंक (पोस्टचा पत्ता) स्वतः द्या, रोमन अक्षरात, तीन-चार शब्दांत. ब्लॉगरवर पोस्ट सेटिंगमध्ये 'कस्टम पर्मालिंक' आहे. आधीच पब्लिश केलेली असेल तर पोस्ट ड्राफ्टमध्ये आणून लिंक बदलता येते पण मग जुनी लिंक मरते, म्हणून सेटिंगमध्ये 'कस्टम रिडायरेक्ट्स'मध्ये जुनी लिंक आणि नवी लिंक टाकून 'पर्मनंट' चालू करायचं. सगळ्या शंभर पोस्टना करत बसू नका, ज्या खरंच वाचल्या जातात त्यांनाच करा.

दुसरं म्हणजे थीम. डेमोमध्ये इंग्रजी शीर्षक छान दिसतं, आपण मराठी टाकलं की शिरोरेषा तुटते, 'मराठी'ची तीन अक्षरं तीन दिशांना उभी असल्यासारखी दिसतात. कारण थीमवाल्याने शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) दिलेलं असतं, इंग्रजीत ते देखणं दिसतं, देवनागरीत रेषेचे तुकडे होतात. कस्टम सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या कोडमध्ये) लेटर-स्पेसिंग शून्य करा. वेलांटी, रफार वरून कापले जात असतील तर लाइन-हाइट (ओळीची उंची) वाढवा, मी १.७ च्या आसपास ठेवते. आणि फॉन्ट देवनागरीचाच द्या, 'मुक्त' नावाचा आहे, 'नोटो सॅन्स देवनागरी' आहे, दोन्ही फुकट. साइटची भाषा मराठी निवडायला विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मग श आणि ल आपल्या वळणाचे दिसतात, हिंदीच्या नाही. छोटी गोष्ट आहे पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला कळते.

म्हणून कुठल्याही प्लॅटफॉर्मला हो म्हणायच्या आधी एक मराठी परिच्छेद तिथे टाकून मोबाइलवर उघडून बघा, त्यात 'दऱ्याखोऱ्या', 'वर्षानुवर्षे', 'कृष्णा' असे शब्द घाला. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं जुनं लिखाण असेल तर ते आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, थेट पेस्ट केलं तर कुठल्याही प्लॅटफॉर्मवर कचराच दिसेल, त्यात प्लॅटफॉर्मचा दोष नाही.

सामान बाहेर नेता येतं का हे न विचारणं

विक्स दिसायला सुंदर, ओढून-सरकवून पान बनतं, पण बनवलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. दुकानाची चार पानांची साइट असेल तर चालेल, तीनशे लेख लिहायचे असतील तर मी नाही म्हणेन. मिडियमवर लिहिणं सोपं, पण तुमची अॅडसेन्सची जाहिरात तिथे लागत नाही आणि स्वतःचं डोमेन जोडायचं तर पैसे भरून मेंबर व्हावं लागतं. सबस्टॅकचं (ईमेलने लेख पाठवायची सेवा) मला एक आवडतं, वाचकांची ईमेल यादी तुमची असते आणि ती डाउनलोड करून नेता येते. पण वर्गणी घ्यायचा विचार असेल तर आधी तपासा, तिथे पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीमार्फत येतात आणि भारतात स्ट्राइपचं नवीन खातं सहज मिळत नाही, शिवाय वर्गणीतले १० टक्के सबस्टॅक ठेवतं. फेसबुकवरच लिहिणाऱ्यांना एवढंच सांगेन की चार वर्षांपूर्वीचा स्वतःचा लेख शोधून दाखवा.

प्लॅटफॉर्म बंद पडतात हे काही नवीन नाही. पोस्टरस २०१३ मध्ये गेलं, जिओसिटीज २००९ मध्ये, आपल्याकडचं कू २०२४ मध्ये. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झालं तेव्हा ज्यांनी ब्लॉगरवर त्याच्या कॉमेंट चालू केल्या होत्या त्यांच्या त्या सगळ्या गेल्या, पोस्ट राहिल्या आणि वर्षानुवर्षांच्या गप्पा गेल्या.

ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर जाताना एक युक्ती. वर्डप्रेसच्या पर्मालिंकमध्ये कस्टम रचना निवडून वर्ष, महिना, पोस्टचं नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल अशी ठेवा, म्हणजे ब्लॉगरच्या लिंकसारखीच लिंक बनते आणि डोमेन तेच असेल तर जुन्या लिंका चालू राहतात. तरी इम्पोर्ट झाल्यावर दहा-बारा जुन्या लिंका स्वतः उघडून बघा, आणि फोटो नव्या जागी आलेत की अजून गूगलच्याच सर्व्हरवरून दिसतायत तेही बघा. जुना ब्लॉग लगेच डिलीट करू नका, मी निदान सहा महिने ठेवते.

मला कुणी आज विचारलं की नेमकं काय घेऊ, तर नवीन असाल, पैसे फार घालायचे नसतील तर ब्लॉगर आणि स्वतःचं डोमेन. लिखाण वाढलं, देखभालीला वेळ किंवा माणूस आहे, तर स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस.

चावी एकाच माणसाकडे

हे शेवटी लिहितेय पण आज करायचं काम हेच आहे. मैत्रिणीच्या आजोबांनी ब्लॉगवर रत्नागिरीजवळच्या त्यांच्या गावाविषयी लिहून ठेवलं होतं, कुठल्या घरात कोण राहायचं, पालखी कुठून निघायची, आंब्याच्या कलमांची नावं, मुंबईला गिरणीत गेलेली माणसं. आजोबा गेले. पासवर्ड कुणाला माहीत नाही, ओटीपी ज्या नंबरवर यायचा तो बंद झाला. ब्लॉग अजून दिसतो, पण दोन वर्षं वापरात नसलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, २०२३ पासून तसा नियम आहे. मैत्रीण आणि मी दोन रविवार बसून एकेक पोस्ट कॉपी केली, फोटो उतरवून घेतले, कारण आतून बॅकअप घ्यायचा रस्ता नव्हता.

ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये 'परमिशन्स' आहे, तिथून घरातल्या एकाला ईमेलने बोलवा आणि त्याने स्वीकारलं की त्याला 'अॅडमिन' करा. 'मॅनेज ब्लॉग'खाली 'बॅक अप कंटेंट' आहे, त्यातून मजकुराची आणि कॉमेंटची प्रत मिळते, फोटो त्यात आलेत का ते बघा, नसतील तर वेगळे जपून ठेवा. वर्डप्रेसवर दुसरा अॅडमिन 'युजर्स'मधून होतो. पाच मिनिटांचं काम आहे. आजोबांच्या ब्लॉगच्या ४१ पोस्ट आता नव्या डोमेनवर आहेत, खाली त्यांचंच नाव आहे, आणि अॅडमिन म्हणून मैत्रीण, तिचा भाऊ आणि तिची आई असे तिघं.