गाडीत बर्थ नसेल तर झोपायचं कुठे?

पहिल्या लांबच्या फेरीला निघालो तेव्हा माझ्या ट्रकमध्ये बर्थ, म्हणजे सीटमागचा झोपायचा पलंग, नव्हता. दोन सीट, मधे गिअरचा दांडा आणि पाठीला सपाट पत्रा. ‘झोपेचं काय, कुठेही लागते’ अशा गुर्मीत होतो. रात्री गाडी लावली आणि डोकं शेजारच्या सीटवर, कंबर मधल्या पोकळीत, पाय दुमडून ड्रायव्हरच्या सीटवर असा आडवा झालो. तासाभराने दचकून उठलो. कोणीतरी हॉर्न दाबून धरला होता. हॉर्न माझ्याच गाडीचा होता आणि दाबत होता माझाच गुडघा. आजूबाजूच्या गाड्यांतून ज्या शिव्या आल्या त्या अजून पाठ आहेत.

या धंद्यात नव्या माणसाला गाडी मागे घ्यायला, माल बांधायला, टायर बदलायला सगळे शिकवतात. झोपायचं कसं ते कोणी शिकवत नाही. माझ्या उस्तादाने एवढंच सांगितलं होतं, ‘आधी जागा ठरव, मग झोप येऊ दे. झोप आल्यावर जागा शोधशील तर चुकीची शोधशील.’ तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं. पुढे जेव्हा जेव्हा फसलो तेव्हा हा क्रम उलटा झालेला होता. १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात डॉसन आणि रीड यांचा एक प्रयोग आला होता. सलग १७ तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं, असं त्यात दिसलं. म्हणजे रात्री दोनला पेंगत निवडलेली जागा ही जवळजवळ प्यायलेल्या माणसाने निवडलेली जागा असते. उताराची, दिव्याखालची, नाहीतर दुसऱ्यांच्या वाटेतली.

आता पर्यायांकडे येतो. अंगाला किती जागा लागते, ते आधी कळायला हवं. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर १९७५पासून बसवलेल्या बर्थला किमान ७५ इंच लांबी, २४ इंच रुंदी आणि गादीच्या वर २४ इंच मोकळी उंची लागते. म्हणजे साधारण १९० बाय ६१ सेंटीमीटर. कूस बदलता येते, हात पसरता येत नाहीत. यापेक्षा अरुंद जागेत मीही झोपलोय, पण तिथे प्रत्येक कुशीला जाग येते. सकाळी ‘सात तास झोपलो’ असं वाटतं आणि दुपारी डोळे खरं काय ते सांगतात.

हेच माप धरून मी फळी बनवली. १८ मिलिमीटरचा प्लायवूड, मधे बिजागऱ्या, म्हणजे दिवसा घडी करून सीटमागे उभी राहते. दोन्ही टोकं सीटवर आणि मधे घडीचा एक पाय. पहिल्या फळीत मी तो पाय लावलाच नव्हता. मधला भार गिअरच्या गोळ्यावर येत होता आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एका रात्री कूस बदलली आणि दांडा खटकन न्यूट्रलला गेला. हँडब्रेक होता म्हणून गाडी जागची हलली नाही, पण मी पहाटेपर्यंत टक्क जागा. तेव्हापासून फळी आणि गिअरच्या गोळ्यामध्ये चार बोटं अंतर ठेवतो, आणि झोपण्याआधी खाली उतरून चाकांना लाकडी ठोकळे लावतो. बर्थ असलेल्या गाडीतही लावतो. फळीवर पाच-सहा सेंटीमीटरची घट्ट गादी पुरते. मऊ गादीवर पहिल्या रात्री बरं वाटतं, चौथ्या रात्री कंबर बोलायला लागते.

दुसरा पर्याय झोळीचा, म्हणजे हॅमॉकचा. बर्थ नसलेल्या केबिनमध्ये आडवी झोळी बांधायची टूम बऱ्याच ड्रायव्हरांत आहे. वजनाला हलकी, घडी मुठीएवढी, आणि उकाड्यात पाठीखालून हवा मिळते. मीही उत्साहाने आणली. चढताना धरायच्या दोन बाजूंच्या हँडलना दोर बांधले, झोळी छान ताणून घेतली आणि आत शिरलो. दहा मिनिटांत डावं हँडल स्क्रूसकट हातात. म्हणजे हातात नाही, कपाळावर.

चूक हँडलची नव्हती, ताणायची होती. झोळी जितकी ताठ, तितका दोरावर ओढ जास्त. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल तर प्रत्येक टोकावर साधारण माणसाच्या वजनाइतका ओढ येतो. तोच कोन १० अंशांवर आणला की ओढ जवळजवळ तिप्पट. म्हणजे ८० किलोचा माणूस एका हँडलला सव्वादोनशे किलोंनी खेचतो, तेही आडवं. हँडल माणसाला वर चढवण्यासाठी असतं, आडव्या खेचीसाठी नाही. म्हणून झोळी सैल बांधा, आणि दोर केबिनच्या सांगाड्याला वर्कशॉपमधून बसवून घेतलेल्या हुकांना अडकवा. आत झोपताना नाकासमोर सरळ न झोपता थोडं तिरकं झोपा, पाठ सपाट राहते. एवढं करूनही केबिनची रुंदी दोन मीटरच्या आसपास, त्यात झोळी खोलगट होते आणि उंच माणसाचे गुडघे उलटे ताणले जातात. दुपारच्या दोन तासांना झोळी उत्तम. रात्रभरासाठी मी तिच्यावर विसंबत नाही. थंडीत तर अंगाखाली जाड चटई हवीच, कारण पाठीखाली दबलेलं पांघरूण ऊब धरत नाही.

काही जण हीच झोळी ट्रेलरच्या खाली, चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, टांगतात. सावली मिळते, वारा लागतो, फोटोही झकास येतात. करू नका. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली, गाडी रात्रभर उभी राहिली की हवा हळूहळू गळते आणि चॅसी खाली बसते. शेजारची गाडी मागे घेताना तुमच्या ट्रेलरला जरा जरी टेकली तरी तुम्ही त्याच्या खाली आहात. गाडीखाली चटई टाकून झोपण्याचंही तेच. खाली कोणी झोपलंय हे स्टेअरिंगवरच्या माणसाला कोणत्याही आरशात दिसत नाही, मग तो दुसरा ड्रायव्हर असो की सकाळी घाईने गाडी हलवायला आलेला तुमचाच जोडीदार.

बंद कंटेनरमध्ये, मालाच्या जागेत झोपायला तर सक्त मनाई समजा. दार बाहेरून लागतं, आतून उघडेलच असं नाही, हवा मोजकी, आणि माल रात्रीतून सरकू शकतो. उघड्या गाडीच्या मालावर, ताडपत्रीवर झोपणारे मी खूप पाहिलेत. तारे दिसतात हे खरं. पण ताडपत्रीवर दव पडलं की ती साबणासारखी निसरडी होते आणि खाली तीन-साडेतीन मीटर. माझ्या ओळखीतल्या एकाचा हात असाच मोडला. तो लघवीला उठला होता आणि आपण वर आहोत हे विसरला होता.

घडीची खाट किंवा छोटा तंबू गाडीच्या बाहेर लावणं कुंपण असलेल्या यार्डात ठीक. मोकळ्या पार्किंगमध्ये गाड्या ज्या बाजूने फिरतात तिकडे कधीच नाही. केबिनच्या छतावर बसवायची झोपायची पेटीही मिळते, युरोपात ती टॉप स्लीपर म्हणून ओळखली जाते. लहान केबिन ठेवून मालाची लांबी वाढवायची असली की मालक ती बसवतात. आत जायला छतातून झरोका. एका फेरीत मी तसल्या पेटीत झोपलो. वारा सुटला की पाळण्यासारखी डुलते, आणि उन्हाळ्यात दिवसा झोपायची वेळ आली तर भाकरी भाजल्यासारखं होतं. रात्रीपुरती वाईट नाही.

दोघांच्या गाडीत एक चालवतो, एक झोपतो. इथे झोपणाऱ्याची झोप चालवणाऱ्याच्या उजव्या पायात असते. ब्रेक हळू दाबणारा जोडीदार मिळाला तर टिकवून ठेवा. चालत्या गाडीत फक्त जाळी किंवा पट्टा असलेल्या खऱ्या बर्थमध्येच झोपायचं. फळी आणि झोळी या उभ्या गाडीच्या गोष्टी आहेत.

नियमांचंही बघा, कारण कागदावर झोप कुठे झाली याला किंमत असते. अमेरिकेत १० तासांची विश्रांती ७ आणि ३ अशी तोडता येते, पण ७ तासांचा तुकडा मापात बसणाऱ्या बर्थमध्येच काढावा लागतो. फळीवाल्याला तिथे सलग १० तासच घ्यावे लागतात. युरोपियन युनियनमध्ये आठवड्याची पूर्ण ४५ तासांची विश्रांती गाडीत घ्यायला बंदी आहे. डिसेंबर २०१७मध्ये तिथल्या न्यायालयाने तसा निकाल दिला आणि २०२०च्या नियमांत ते स्पष्ट लिहिलं गेलं. बाहेर राहण्याचा खर्च मालकाने द्यायचा. रोजची विश्रांती केबिनमध्ये चालते, मात्र गाडी उभी हवी आणि झोपण्याची योग्य सोय हवी. आपण जिथे चालवतो तिथला नियम नोकरी धरण्याआधी वाचावा. मी तीन वर्षांनी वाचला.

केबिनबाहेर खोली घेणं म्हणजे चैन, असं मला आधी वाटायचं. आता सलग पाच-सहा रात्री फळीवर काढल्या की एक रात्र खोलीत झोपतो. अंघोळ, सपाट पलंग, इंजिनाचा वास नसलेली उशी. पुढचे दोन दिवस गाडी वेगळी चालते.

जागा कशी निवडायची, यावर मी जरा जास्त बोलतो, माफ करा. उतार डोळ्यांना कळत नाही. अर्धी भरलेली पाण्याची बाटली फळीवर आडवी ठेवा. बुडबुडा एका टोकाला पळाला तर डोकं त्याच टोकाला करा, ती उंच बाजू आहे. डोकं खाली राहिलं तर सकाळी ते जड होऊन उठतं. रांगेतली शेवटची जागा टाळा, कारण वळणाऱ्या गाड्यांचे ट्रेलर तिथेच घासतात. थंड मालाची गाडी शेजारी नको. तिचं मशीन सतत चालू असतं तर चाललं असतं, सततच्या आवाजाची कानाला सवय होते. पण ते बंद होतं, शांतता पसरते, डोळा लागतो आणि धडाधड पुन्हा सुरू होतं. दिवसा झोपायचं असेल तर पुढची काच सूर्याकडे नको. पडद्याच्या कडेला बोटभर फट राहिली तरी ऊन बरोबर डोळ्यावर येतं, म्हणून मी कडांना वेल्क्रो शिवून घेतलंय.

हवेबाबत मात्र हयगय नको. केबिन गरम राहावी म्हणून इंजिन चालू ठेवून झोपणारे असतात, आणि आत गॅसची शेगडी पेटवणारेही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं थकवा आहे, आणि तो झोपतो. डिझेलवर चालणारा वेगळा हीटर नीट बसवलेला असेल तर तो जळणाची हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, तो चालेल. त्याचा पाइप चिखलाने बुजला नाही ना, ते पाहायचं. मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीला लावलेला असावा. झोपेत गॅस फवारून लुटतात, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकायला मिळेल. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने असं नकळत बेशुद्ध करणं शक्य नाही असं सांगितलेलं आहे. चोराला घाबरून काचा घट्ट लावणाऱ्याला खरा गॅस आतलाच मारतो.

आणि काहीच सोय नसेल तेव्हा? सुरक्षित ठिकाणी गाडी लावून सीट मागे पाडा आणि डुलकी घ्या. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात ४० मिनिटांची सवड दिली होती, त्यात त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि नंतरची सतर्कता सुधारली. मी २५ मिनिटांचा गजर लावतो. उठल्यावर लगेच किल्ली फिरवत नाही. खाली उतरून टायर पाहत गाडीला दोन फेऱ्या मारतो, कारण पहिली काही मिनिटं डोकं अजून उशीवरच असतं. पण ही डुलकी उधारी आहे. रात्रीच्या झोपेचा हिशेब तिने फिटत नाही, आणि पहाटे दोन ते सहामध्ये तर ती फार कमी पुरते.

आता माझ्या गाडीला बर्थ आहे, तोही ऐसपैस. जुनी फळी मी टाकली नाही. बर्थसोबत आलेला फोम सहा महिन्यांत मधे खचला, म्हणून ती त्याच्याखाली घातली. रात्रभर श्वासाची वाफ गादीखाली साचून बुरशी धरायला लागली, तेव्हा फळीला ड्रिलने वीतभर अंतरावर भोकं पाडली. नवीन बनवणार असाल तर भोकं आधीच पाडा. बिजागऱ्या लावल्यावर पाडायला फार त्रास होतो.