कुंडीतल्या चिलटांवर कीटकभक्षी झाड ठेवताय? या चुका टाळा

पावसाळ्यात गोव्याची हवा इतकी दमट असते की घरातल्या कुंडीची माती आठवडाभर सुकत नाही. तरीही सवयीने रोज पाणी घातलं जातं आणि मातीवरून बारीक काळी चिलटं उठू लागतात. औषध नको म्हणून कीटकभक्षी झाड आणायचं, हा विचार चांगला आहे. फक्त ते झाड काय करतं आणि काय करत नाही, हे आधी कळायला हवं.

आधी कीटक ओळखा. केळ्यांवर घोंगावणारी लाल डोळ्यांची माशी वेगळी, न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी केसाळ माशी वेगळी. कुंडीतलं चिलट सडपातळ आणि लांब पायांचं असतं. ते उडण्यात कमकुवत, म्हणून मातीलगतच घुटमळतं. खात्रीसाठी कच्च्या बटाट्याची एक सेंटिमीटर जाडीची चकती ओल्या मातीवर दाबून ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून पाहा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसल्या तर दुखणं मातीतच आहे.

सगळा भार झाडावर टाकणं ही सर्वांत मोठी चूक. झाड फक्त उडणारी चिलटं पकडतं. एक मादी शे-दोनशे अंडी घालते, अळ्या मातीच्या वरच्या पाच सेंटिमीटरांत बुरशी, कुजकी पानं आणि कोवळी मुळं खातात, आणि अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांत पूर्ण होतो. माती ओलीच राहिली तर झाड कितीही पकडो, मागून नवी चिलटं येतच राहतात. म्हणून मनीप्लांट, स्नेक प्लांट अशांच्या कुंडीत वरची तीन-चार सेंटिमीटर माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी घालू नका. जोडीला बीटीआय वापरा. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तोच हा जिवाणू. पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून मातीत ओता. अळीने खाल्ला तरच तो लागू पडतो. अंडी आणि कोष त्यातून सुटतात, म्हणून आठवड्याला एकदा असा किमान चार वेळा द्या. एका मात्रेवर थांबलात तर महिन्याभरात चिलटं परत दिसतील.

व्हीनस फ्लायट्रॅप आणणं. दिसायला आकर्षक, पण या कामाचं नाही. एवढं बारीक चिलट त्याच्या जबड्यासारख्या मिटणाऱ्या पानाच्या दातांमधून निसटतं. शिवाय हे झाड अमेरिकेतल्या कॅरोलायनाचं, त्याला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते. किनाऱ्यावर ती मिळत नाही आणि झाड हळूहळू खंगतं. घटपर्णीत मुंग्याच जास्त पडतात. चिलटांसाठी चिकट पानांचा दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, घ्या. ड्रॉसेरा स्पॅट्युलाटा किंवा ड्रॉसेरा कॅपेन्सिस सांभाळायला सोपे. एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात मात्र त्यांना पश्चिमेच्या उन्हापासून वाचवा.

आपल्या जांभ्याच्या सड्यांवर पावसात दवबिंदू उगवतात म्हणून ते उपटून आणू नका. तिथला ड्रॉसेरा इंडिका एका हंगामाचा. उपटला की मरतो, आणि पुढच्या वर्षीचं बीही जातं.

नळाचं किंवा विहिरीचं पाणी घालणं. दवबिंदूला क्षार सोसत नाहीत. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पन्नास पीपीएमच्या खाली हवा. मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. घरच्या आरओ यंत्रात क्षार परत मिसळणारा कंट्रोलर असेल तर ते पाणीही ऐंशी-शंभरावर जातं, म्हणून मोजल्याशिवाय वापरू नका. आपल्याकडे पावसाला तोटा नाही. पहिल्या काही सरी जाऊ द्या, मग पाणी उघड्यावर थेट धरून घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. झाकण सैल राहिलं तर तिथे डास होतील.

चुकीचं मिश्रण. शेणखत, गांडूळखत, बागेची माती यातलं काहीही नको. समुद्राची वाळू तर मुळीच नको, तिच्यात मीठही असतं आणि शिंपल्यांचा चुनाही. स्फॅग्नम पीट (शेवाळ कुजून बनलेला भुसा) दोन भाग, परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) एक भाग, आणि प्लास्टिकची दहा सेंटिमीटरची कुंडी. मातीच्या कुंडीतून क्षार उतरतात. कोकोपीट वापरायचंच असेल तर पावसाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून पिळा आणि निथळलेल्या पाण्याचा टीडीएस पन्नासखाली आल्यावरच भरा.

अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवणं. पानांवरचे चिकट थेंब गेले की पकडणं थांबलं, आणि थेंब जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अपुरा उजेड. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं तीन-चार तास ऊन द्या. चिलटं असलेल्या कुंड्याच तिथे, झाडापासून फुटभर अंतरात आणून ठेवा. खिडकी नसेल तर पांढरा एलईडी वीस-तीस सेंटिमीटर वर, रोज बारा-चौदा तास. एसीचा झोत थेंब सुकवतो, पावसाची झड ते धुऊन नेते. नवीन आणलेल्या झाडाला थेंब परत यायला एक-दोन आठवडे लागतात, तेवढ्यात घाबरून खत घालू नका. कडुनिंबाचं तेलही पानांवर फवारू नका. खालचं जुनं पान काळं पडणं नैसर्गिक आहे. नवीन पानंच वाकडी, काळी निघत असतील तर पाणी तपासा.

शेवटची गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. दवबिंदूची कुंडी बशीतल्या सेंटिमीटरभर पाण्यात कायम ओली ठेवावी लागते, म्हणजे चिलटांना अंडी घालायला तीच सर्वांत सोयीची जागा. तिच्यावरही बटाट्याची चकती ठेवून पाहा, आणि अळ्या निघाल्या तर बीटीआय पावसाच्या पाण्यात मिसळून पानं न भिजवता बुंध्याशी घाला.